मानाचा जोंगा

तात्या जोंग्यात जाऊन बसले आणि उतरेनात, तेव्हा आधी कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. माणूस ऐंशीच्या घरात पोचला की त्याला रुसायला जागा लागते, आणि सूर्यभान तात्यांना घरातली जागा कधीच पुरली नव्हती. राहीबाईंनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं की भूक लागली म्हणजे उतरतील. मग ऊन तापल्यावर स्वतःच ताट झाकून गोठ्यापलीकडं घेऊन गेल्या आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवून आल्या. उतरायचं तेवढं एक कारण होतं, तेही संपलं.

जोंगा तसा घरातलाच. म्हातारा झाला म्हणून लष्करानं लिलावात काढलेला हा जीपच्या जातीचा दांडगा गडी तात्यांनी ऐन उमेदीत नगरहून चालवत शेंडवाडीला आणला होता. चढण, चिखल, ओढा, नांगरलेलं रान, कशाला म्हणून तो अडत नसे. फक्त पेट्रोल असं प्यायचा, की उन्हाळ्यात म्हशीनं हौदाला तोंड लावावं. गेल्या दिवाळीच्या सुमारास सीतारामगडाच्या चढावर त्याचं इंजिन मोठा आवाज करून फुटलं. रंगनाथ मिस्त्रीनं ते बाहेर काढून लिंबाखाली ठेवलं. त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि नवं इंजिन कोणतं बसवायचं यावर घरात खल सुरू झाला. अंडी रोज निघत होती. निर्णय तेवढा निघत नव्हता.

तरी कुणाला घाई नव्हती. घाई आणली ती पोळ्यानं.

शेंडवाडीच्या पोळ्याला वेशीखालून पहिला बैल जायचा तो तात्यांच्या घरचा. तोरण त्यानं तोडायचं आणि मग बाकीच्यांनी निघायचं. घरची शेवटची बैलजोडी विकली गेली त्या वर्षी मानाचं काय करायचं असा प्रश्न पडला, तेव्हा तात्यांनी जोंग्याला अंघोळ घातली, बॉनेटवर झूल टाकली, दिव्यांभोवती हिंगूळ ओढला, पुढच्या जाळीला बाशिंग बांधलं आणि वाजत-गाजत वेशीखालून काढला. राहीबाईंनी त्याच्यापुढं पुरणपोळी ठेवली. लोक पहिल्या वर्षी हसले. पुढच्या वर्षी हसायचं विसरले. नंतर ती रीतच झाली, आणि रीत झाल्यावर तिला हसण्याची सोय उरली नाही.

यंदा मात्र चुलत घराण्यातला कानिफनाथ नवा ट्रॅक्टर घेऊन बसला होता. तो अंगणात आला, जोंग्याच्या मोकळ्या पोटात वाकून पाहिलं, आणि हात बांधून उभा राहिला.

"तात्या, राग मानू नका," तो म्हणाला. "पन मेलेला बैल पोळ्याला कोन मिरवतं का? इंजिन म्हंजी जीव. जीवच न्हाई, तर हे निसतं कातडं हाय."

तात्यांनी बराच विचार केला. "बैल आजारी पडला म्हनून त्याचा मान जातो व्हय?"

"आजारी बैल सोताच्या पायानं येशीपर्यंत येतो. त्याला मागनं ढकलीत न्हाईत."

ही तोड पारावरच्या मंडळींनाही पटली. तिथं दोन संध्याकाळी गंभीर चर्चा झाली. बैलाचा मान त्याच्या अंगाला असतो की दमाला, यावर जुने दाखले निघाले. शेवटी ठरलं ते असं, की जोंगा स्वतःच्या दमावर वेशीखालून गेला तर मान त्याचा. कुणी ढकलला, ओढला, बैल जुंपले, तर पहिला ट्रॅक्टर. हे कानावर आलं त्याच सकाळी तात्या उशी, तांब्या आणि तंबाखूची चंची घेऊन जोंग्यात चढले. गाडी चालू होईल तेव्हाच पाय खाली लागेल, असं त्यांनी जाहीर केलं.

या सगळ्याचा भार पडला पंकजावर. पंकजा थोरली सून, कल्याणची बायको. गोठा, रान, स्वयंपाक यांच्यावर तिला आणखी एक काम होतं, आणि ते घरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. कल्याण आणि धाकटा अजिनाथ यांच्यामध्ये बोलण्याचं काम.

वाटण्या झाल्या त्याच्या आदल्या रात्री जर्सी गाय व्याली होती. वासरू वाटणीआधी जन्मलं म्हणून ते सामाईक, असं कल्याणचं म्हणणं. गाय माझ्याकडं आली तर तिच्या पोटचं तिच्यामागं येणार, असं अजिनाथचं. ते वासरू मोठं झालं, विकलं गेलं, त्याचीही वासरं झाली असतील. भावाभावांतलं बोलणं मात्र त्या रात्री जे तुटलं ते तुटलंच. अजिनाथ नागापूरला एमआयडीसीत सुपरवायझर, राहायला नगरात. तो गावी आला की दोघं समोरासमोर बसत आणि पंकजाशी बोलत. ती एकाचं दुसऱ्याला सांगे. दोघांनाही धडधडीत ऐकू येत असे, पण कानांनी ऐकलं ते ऐकलंच नाही आणि पंकजानं सांगितलं तेच खरं, असा दोघांनी न बोलता केलेला करार होता. जोंगा वाटणीत सामाईक राहिला तोही एवढ्याचसाठी, की तो दुसऱ्याला मिळालेला कुणालाच बघवला नसता.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी सगळे जमले. नणंद पूजा पारनेरकडून आली. कोणतं इंजिन हे आज ठरवायचंच, असं तात्यांनी जोंग्यातून बजावलं होतं. पंकजा चहा टाकायला आत वळली तोच एक टेम्पो अंगणात शिरला, आणि त्यातून कल्याणनं एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन उतरवून घेतलं. कुणाला विचारून वेळ घालवण्यापेक्षा आणूनच टाकलं, असं त्याचं म्हणणं. तो बोलत असतानाच दुसरी गाडी आली. तिच्यातून अजिनाथची विजेची मोटार आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांची चळत उतरली. त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. दोघं भाऊ एकमेकांच्या सामानाकडं न बघता बघत उभे राहिले. पूजानं तेवढ्यात डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, की तिचं सामान मागून येतंय. राळेगणसिद्धीच्या पलीकडं एका बागायतदाराच्या शेडमध्ये मोडका जोंगा पडून होता. त्याचं अस्सल पेट्रोल इंजिन तिनं नवऱ्याच्या ओळखीनं मिळवलं होतं.

अशी दुपारपर्यंत अंगणात तीन इंजिनं झाली, लिंबाखालचं धरून चार. चालणारी गाडी एकही नाही. कोंबड्यांनी नव्या जागा तपासून पाहिल्या.

मग बैठक बसली. ती जोंग्याभोवती, कारण अध्यक्ष उतरायला तयार नव्हते. रंगनाथ मिस्त्रीला मत द्यायला बोलावलं होतं. मिस्त्री कामात वाकबगार होता, पण त्याला कुणालाच नाही म्हणवत नसे. कल्याणनं विचारलं, डिझेल बसेल का. मिस्त्रीनं सुतानं माप घेतलं आणि म्हणाला, "होतंय की." अजिनाथनं मोटारीचं विचारलं. मिस्त्रीनं पुन्हा माप घेतलं. "तेबी होतंय की." पूजानं विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली. तिघांनाही आपण जिंकल्यासारखं वाटलं आणि भांडण खऱ्या अर्थानं सुरू झालं.

कल्याणला जोंगा रानात हवा होता. डिझेलवर गेला तर कांदा ओढेल, पंप चालवील, खाल्ल्या अन्नाला जागेल, असं तो पंकजाला समजावून सांगत होता. अजिनाथ तिला सांगत होता, की चार वर्षांनी धूर सोडणाऱ्या गाडीला शहरात कुणी उभं करणार नाही, आणि गावात पहिली विजेची जीप आपली असेल. पूजा कुणालाच काही सांगत नव्हती. ती जोंग्याच्या मडगार्डवर हात ठेवून उभी होती. लग्नानंतर माहेरचं असं तिच्याकडं काय उरलंय ते सांगा, एवढंच ती एकदा म्हणाली. जोंग्याचा तो भसाडा आवाज ओढ्यापलीकडून यायचा, आणि सासरी असताना तोच तिला आठवायचा. डिझेलचा आवाज तर कुणाच्याही दारात येतो.

"वहिनी, दादाला म्हणावं, हे भंगार आणलं तिथं परत टाकून ये," अजिनाथ म्हणाला.

पंकजा पहाटेपासून उभी होती. दुधाला उशीर झाला होता, चुलीवर चौथ्यांदा चहा उकळत होता, आणि या घरात इंजिनापायी जाळलेल्या चहापत्तीत एक जोंगा बारा महिने चालला असता असं तिच्या मनात आलं. तिनं नवऱ्याकडं तोंड केलं.

"ते म्हणतात, इंजिन दणकट आहे," ती शांतपणे म्हणाली. "फक्त पोळ्यापर्यंत बसायचं नाही, एवढीच काळजी."

अजिनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. करार असा होता, की पंकजा सांगेल तेच बोललं गेलं. आता आपण असं म्हणालोच नाही म्हणायचं, तर ते भावाला सरळ सांगावं लागलं असतं.

कल्याणनं धाकट्या भावाचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तरी तो विचारात पडला. बऱ्याच वर्षांत त्याच्या एखाद्या वस्तूला भावानं दणकट म्हटलं नव्हतं. तो घसा खाकरून म्हणाला, "त्याला म्हन, तुझ्या त्या खेळण्याला चढावर कोन उचलून न्यायचं?"

"ते म्हणतात, विजेचं काम सवडीनं करायचं आहे," पंकजा म्हणाली. "घाईत केलं तर वाया जाईल. भावजींची मेहनत आहे."

अजिनाथ मोटारीकडं बघत राहिला. एरवी आडवंतिडवं बोलणारे दोघं पुढं अगदीच सभ्य झाले. काहीही बोललं तरी ते चांगलंच होऊन पलीकडं पोचतंय म्हटल्यावर वाईट बोलण्यात राम उरला नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत ठरलं. जागेवर अचूक बसणारं इंजिन पूजाचंच, म्हणून पोळ्यापुरतं ते बसवायचं, मग पुढचं पुढं. तात्यांनी जोंग्यातूनच हॉर्न वाजवून संमती दिली. हॉर्न तेवढा शाबूत होता.

मिस्त्रीनं झटून काम केलं. तात्या बसल्या जागी पाय वर घेत आणि खालून पाने-पकडी फिरत. पोळ्याच्या सकाळी इंजिन जागेवर घट्ट बसलं. हिंगूळ लागला, झूल पडली. बाशिंग बांधता बांधता मिस्त्रीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की कार्बोरेटर कुठं आहे.

तो पूजाच्या नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत होता. नवरा गाडीसकट पुण्याला गेला होता. पूजानं फोन लावला. उद्या संध्याकाळी येतो, असं तो प्रेमानं म्हणाला. कार्बोरेटरशिवाय इंजिनाला पेट्रोल मिळणार नाही. दुसरा खर्ड्यातच काय, जामखेडातही मिळेना. मिस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदाच मान आडवी हलवली.

वेशीकडं वाजंत्री सुरू झाली होती. कानिफनाथाचा ट्रॅक्टर शिंगांना गोंडे बांधल्यासारखा दोन्ही आरशांना गोंडे लावून उभा असल्याची बातमी आली. तात्यांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. ते काही बोलले नाहीत आणि तेच पंकजाला बघवेना. एवढा ओरडा करणारा माणूस, गप्प बसला की एकदम लहान दिसू लागला. तात्यांचा हट्ट तिला कधी आवडला नव्हता. पण या माणसानं एकदा भर पावसाळ्यात, तिच्या मांडीवर तापानं फणफणलेली लेक असताना, जोंगा मोहरीच्या ओढ्यात घातला होता. मधोमध पेट्रोल संपलं, पाणी पायापाशी आलं. तात्यांनी गाडी गिअरमध्ये ठेवली आणि इंजिन चालू करायचं सेलचं बटण तसंच दाबून धरलं. बॅटरीच्या जोरावर गाडी हिसके देत काठाला लागली होती.

"सेलवर न्या," पंकजा म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं सांगितलं, की बॅटऱ्या भावजींच्या ढिगानं पडल्यात. बारका गिअर टाकायचा आणि बटण दाबून धरायचं. वेस काही लांब नाही. मिस्त्रीचा चेहरा उजळला. प्लग काढून टाकले तर इंजिन हलकं फिरेल, असं म्हणून त्यानं बसल्या बैठकीला पाना घेतला. "होतंय की," तो म्हणाला, आणि या खेपेला ते खरं होतं.

अजिनाथनं स्वतः बॅटऱ्या जोडल्या. कल्याणनं त्या मागं ठेवून दोरानं आवळल्या. दोघांची डोकी एकमेकांना दोनदा आपटली, तरी कुणी बोललं नाही. स्टेअरिंग तात्यांकडं, कारण ते उठणारच नव्हते. बटण कुणी दाबायचं यावर भाऊ घुटमळले. एकानं दाबलं तर दुसऱ्याला खालून चालावं लागणार. तेव्हा तात्यांनी शेजारच्या सीटवरची उशी उचलली. "पंकजा, तू बस."

तिनं बटण दाबलं. जोंगा कण्हला, थरथरला, आणि एक हिसका देऊन पुढं सरकला. मग थांबला, मग पुन्हा सरकला. असा तो मान हलवत निघाला, की म्हातारा बैल कष्टानं चालावा. लोक दुतर्फा झाले. वाजंत्रीवाल्यांना त्या चालीवर ठेका धरायला जरा वेळ लागला, पण मग तोही सापडला. कानिफनाथ वेशीपाशी आडवा आला. इंजिन तर चालूच नाही, हा दम म्हणायचा का, असा त्यानं हरकतीचा मुद्दा काढला. पारावरची मंडळी एकमेकांकडं बघू लागली. मग त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, की ढकलत कुणी नाही, ओढत कुणी नाही, आणि चालतोय तर खरा. आतून काय चाललंय ते बैलाचं तरी कुणाला दिसतं?

जोंग्याच्या काचेला तोरण अडकलं, ताणलं आणि तुटलं. हलग्या कडाडल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात त्यांचा हात सवयीनं गिअरवर गेला. वेशीपुढं उतार आहे. आयुष्यभर तात्यांनी उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल केली होती. आज गाडीत पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी त्यांनी केली.

पंकजानं बटण सोडलं, तरी जोंगा थांबेना. उलट त्याला आता हुरूप आला. तात्यांनी ब्रेकवर पाय दाबला; पाय तळाशी जाऊन टेकला आणि काहीच झालं नाही. हॉर्न वाजवत, झूल उडवत, जोंगा उतारानं सुसाट सुटला. समोरची पोरं, बाया, हलगीवाले सगळे बाजूला झाले. पंकजानं डोळे मिटून घेतले. नंतर एक मऊ धक्का बसला आणि सगळीकडं कडब्याचा वास दरवळला.

ते कानिफनाथाचं अंगण होतं. त्याच्या कडब्याच्या गंजीत जोंगा दिव्यांपर्यंत घुसला होता. ओसरीवर कानिफनाथाची बायको ट्रॅक्टरसाठी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ती क्षणभर मागून धापा टाकत आलेल्या नवऱ्याकडं, क्षणभर जोंग्याकडं बघत राहिली. पण पोळ्याच्या दिवशी दारी आलेला बैल माघारी धाडत नाहीत. ती खाली उतरली, तिनं जाळीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि पुरणपोळी कडब्यातच बॉनेटवर ठेवली. कानिफनाथानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि तात्यांना हात द्यायला पुढं झाला. तात्या उतरले. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून खांद्याला खांदा लावून चुलत्या-पुतण्यांनी ओसरी गाठली.

गाव धावत आलं. कल्याण, अजिनाथ, पूजा, मागून राहीबाई. पंकजा अजून सीटवर बसून होती. तिच्या केसांत कडबा होता. तात्यांनी ओसरीवरून तिच्याकडं पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत कुणालाच न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली.

"पंकजा, तुला कंचं इंजिन पायजे गं? तू म्हनशील ते बसवू."

कल्याण एक पाऊल पुढं सरकला, अजिनाथही. पूजा पदराचं टोक चावू लागली. पंकजानं सगळ्यांकडं एकवार बघून घेतलं.

"आधी ब्रेक बघा," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

कल्याण मुकाट्यानं बाह्या सारून जोंग्याखाली शिरला. पलीकडच्या बाजूनं अजिनाथ शिरला, कारण त्यालाही दुसरं काही सुचलं नाही. मिस्त्रीची पिशवी अजिनाथच्या बाजूला होती. पाहतात तो ब्रेकची नळी एका जागी कुजून तुटली होती, आणि नट गंजून धरला होता. थोडा वेळ नुसतं खरवडल्याचा आवाज येत राहिला.

"पंकजा," कल्याण खालून म्हणाला, "त्याला म्हनावं, बारका पाना दे."

पंकजा ऐकायला तिथं नव्हती. ती कानिफनाथाच्या बायकोबरोबर चुलीपाशी जाऊन बसली होती, आणि किती तरी वेळानं कुणीतरी दुसऱ्यानं केलेली गरम पोळी तिच्या ताटात पडत होती. बाहेरून पुन्हा एकदा हाक आली. तिनं पोळीवर तूप घेतलं. मग बराच वेळ हाक आली नाही.

आणि नंतर जोंग्याखालून कल्याणचा आवाज आला, जरा घोगरा, जरा ओशाळा.

"आजिनाथ, पाना दे की रे."

"कोणता?" अजिनाथनं विचारलं.